भिंगरीच्या पोटात काय सापडलं?

"फेकू नकोस! थांब, थांब!" शिवरंजनी ओरडली.

गोपाळ डोक्यावर विमान धरून, एक पाय पुढे टाकून भालाफेक्याच्या थाटात उभा होता. त्याचा हात केव्हाचा भरून आला होता.

"आता आणखी काय राहिलं? उन्हानं माझं भरीत व्हायलंय!"

"वारा बगू दे आधी. समोरून वारा असला तरच फेकायचं."

शिवरंजनीचा धाकटा भाऊ मल्लेश लगेच पुढे सरसावला. त्याने मूठभर माती उचलून वर उधळली आणि ती सगळीच्या सगळी त्याच्याच तोंडावर आली.

"समोरूनच हाय!" तो थू थू करत म्हणाला.

"मंग फेक!"

शिवरंजनीने रिमोटची काडी हळूहळू वर सारली. विमानाच्या पोटातून बारीक सूर निघाला आणि चढत चढत त्याची शिटी झाली. गोपाळने पळत जाऊन विमान हवेत सोडलं. ते जरा खाली बसलं आणि मग भिंगरी वर उठली ती उठलीच!

"उडाली! उडाली रे!" मल्लेश माळावर कोलांट्या मारायला लागला.

भिंगरी म्हणजे काही दुकानातून आणलेलं खेळणं नव्हतं. सुट्टी लागल्यापासून तिघांनी ते विमान फोमच्या पातळ तावांतून कापून, गरम गोंदाने चिकटवून उभं केलं होतं. पंख्याला नळी हवी होती. ती शिवरंजनीच्या आजोबांच्या, म्हणजे अप्पांच्या, गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेची केली. शेपटी हलवायला तार हवी होती, तर सायकलच्या चाकातले आरे कामाला आले. मोटार, पंखा आणि बॅटरी तेवढी नांदेडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या अनुपमाताईने दिली होती. हा पंखा बाहेर कुठे दिसत नव्हता. तो पोटातल्या नळीत बसला होता. पुढून हवा ओढायची आणि मागून जोरात फेकायची, एवढंच त्याचं काम. पंखा आणि मोटार मागे, म्हणून तोल सांभाळायला बॅटरी पुढे नाकात. हे शहाणपण त्यांना आधीच्या दोन भिंगऱ्या शेपटीवर आपटल्यावर आलं होतं. आपटल्याशिवाय अक्कल येत नाही, म्हणतात ते काही खोटं नाही!

तिसरी भिंगरी मात्र आता चुडावा गावच्या माळावर ऐटीत घिरट्या घालत होती. आपण कापलेला, आपण चिकटवलेला फोमचा तुकडा खरोखर आभाळात आहे, यावर शिवरंजनीचा विश्वासच बसत नव्हता.

"बाभळींच्या पलीकडं नको नेऊ," गोपाळ म्हणाला. "तिकडं दिसणार न्हाई."

"वळवायलेय ना!"

ती वळवत होती तोच भिंगरीची शिटी बिघडली. एकदा किंचाळल्यासारखा आवाज आला, मग नुसती खरखर. विमानातलं बळच गेलं. शिवरंजनीने घाईघाईने पंखा बंद केला आणि भिंगरी तरंगत, डुलत बाभळींच्या रांगेमागे गेली.

"पळा!"

तिघेही काट्याकुट्यांतून धावले. बाभळी ओलांडल्या आणि जागीच थबकले. समोर माळाच्या कडेला राहणाऱ्या मनकर्णाकाकूंची कडब्याची गंज धडाधडा पेटली होती! तिच्यापासून दोन हातांवर भिंगरी पडली होती. मनकर्णाकाकू खुंट्याशी वाकून गायीचं दावं सोडत होत्या. दावं सुटलं, गाय हंबरत दूर पळाली. माणसं घागरी घेऊन आली, माती टाकली, पण कडबाच तो! बघता बघता काळा ढीग उरला.

गोपाळचे चुलते दिनकरतात्या सगळ्यांत शेवटी आले आणि सगळ्यांत आधी बोलले.

"बॅटरी फुटली! दुसरं काय? मोबाइलवर शंभर व्हिडिओ बगितलेत मी. ह्या बॅटऱ्या आपोआप भडकतात! लेकरांच्या हातात असले खेळ देतं का कुणी?"

शिवरंजनीने भिंगरीकडे पाहिलं. नाही म्हणावं तर कसं? अनुपमाताईनेच बजावलं होतं, की या बॅटरीला जोराचा मार लागला तर ती पेटू शकते.

"तात्या, लेकरांवर ओरडू नका," मनकर्णाकाकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडाला काजळी लागली होती. "त्यांनी काय मुद्दाम केलंय?"

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शिवरंजनीला वाटलं.

काकू एकट्या राहायच्या. गाय हेच त्यांचं घर आणि गणगोत. भर उन्हाळ्यात पैसे मोजूनही कडबा मिळत नाही आणि उपाशी गाय डोळ्यांसमोर बघवत नाही. दिनकरतात्यांच्या दोन भल्या मोठ्या गंजी होत्या, पण ते म्हणाले, "ज्यानं जाळलं त्यानं भरून द्यावं." शेवटी काकूंनी ठरवलं, की परवाच्या बाजारात गाय विकायची.

मन्मथअप्पा म्हणजे शिवरंजनी आणि मल्लेशचे आजोबा. गावात त्यांचं रंगाचं आणि खिळ्यामोळ्यांचं दुकान होतं. त्यांनी भिंगरी उचलली, गोदामात टाकली आणि कुलूप लावलं.

"उद्या संध्याकाळी महादेवाच्या पारावर समद्यांसमोर ती मोडायची," ते म्हणाले. "अन् ह्याच्यापुढं विमानाचं नाव काढायचं न्हाई."

त्या रात्री शिवरंजनी न जेवताच झोपली.

सकाळी ती दोघांना म्हणाली, "मला भिंगरी बगायचीय."

"मोडायच्या आधी निरोप द्यायला?" मल्लेशने विचारलं.

"न्हाई रे. बॅटरीच पेटली असंल तर मी जाऊन काकूंच्या पाया पडणार, सांगणार की माझंच चुकलं. पण खरंच तसं झालं का, ते तर बगू दे!"

"अन् तसं झालं नसंल तर?" गोपाळ म्हणाला.

"तर मंग कसं झालं ते शोधायचं."

"पण किल्ली अप्पांच्या करगोट्याला हाय," गोपाळ उसासा टाकून म्हणाला. "ती काय मिळायलीय!"

मल्लेशचे डोळे चमकले. "किल्ली कशाला पाहिजे? कुलूप अप्पाच काढतील. बगा तुमी!"

तो उड्या मारत दुकानात गेला. अप्पा कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसले होते. मल्लेश अगदी गरीब तोंड करून उभा राहिला.

"अप्पा, एक विचारू? ती बॅटरी आपोआप भडकती म्हणं."

"दिनकरराव तसंच सांगायलेत."

"अन् गोदामात आपले रंगाचे डबे हायत ना? टर्पेंटाइन बी हाय?"

अप्पांच्या हातातला खिळ्यांचा पुडा खाली पडला. "महादेवा!" म्हणत ते असे उठले, की एक्स-रेतला तो दुखरा गुडघाही विसरले! पाचच मिनिटांत लांब बांबूच्या टोकाला लटकलेली भिंगरी परसातल्या मोकळ्या जागेत आली आणि तिच्यावर लोखंडी घमेलं पालथं पडलं.

"कुणी जवळ जायचं न्हाई!" असं बजावून अप्पा परत गल्ल्यावर गेले.

"मी जवळ जात न्हाई," मल्लेश कुजबुजला. "घमेलंच माझ्याजवळ घेतो."

घमेलं बाजूला झालं. भिंगरीची दशा बघून शिवरंजनीला भरून आलं. शेपटी वितळून तिचा गोळा झाला होता, एका पंखाला भोकं पडली होती. तिने डोळे घट्ट मिटले आणि मग नाकावरचं झाकण काढलं. बॅटरी जशीच्या तशी होती! ना फुगलेली, ना काळवंडलेली. वर लावलेला कागदही जागच्या जागी होता.

"गोपाळ," ती हलकेच म्हणाली, "बॅटरी कुठं असती?"

"नाकात. का?"

"अन् जळालं काय?"

"शेपटी..." गोपाळचा आ तसाच राहिला. "म्हंजी आग आतून लागलीच न्हाई! गंजीच्या धगीनं शेपटी वितळली!"

शिवरंजनीला हसावं की रडावं ते कळेना. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. "मंग हवेत असताना पंख्यानं खरखर का केली?"

तिने कटरने पोटाची नळी चिरली. पंख्याच्या पात्यांना काळा चुरा चिकटला होता आणि दोन पात्यांमध्ये अर्धवट जळालेलं एक लांबट पान अडकलं होतं. तिने ते अलगद ओढून काढलं. त्याची धार बोटाला कचकन लागली.

"हे तर उसाचं पाचट हाय!" मल्लेश म्हणाला. ऊस तुटला की वाळली पानं रानातच राहतात, ती लोक पेटवून देतात आणि त्याची काळी पापुद्री वाऱ्याने कुठल्या कुठे उडते, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"पंखा फिरत असताना समोरचं ओढून घेतो, बंद असला की न्हाई," शिवरंजनी एकेक शब्द जुळवत म्हणाली. "पडायच्या आधी मी पंखा बंद केला होता. म्हंजी हे पान पंख्यानं हवेतच ओढलं. भिंगरी पडायच्या आधीच कुठंतरी पाचट जळायलं होतं!"

तिघेही उन्हातान्हात काकूंच्या गंजीकडे धावले. काल सगळ्यांचे डोळे विमानावर होते, खाली कुणी पाहिलंच नव्हतं. गंजीपासून बांधावरच्या वाळल्या गवतातून एक काळा पट्टा निघाला होता. तो धरून ते चालत गेले. पट्टा वळणं घेत बाभळींच्या मागून जाऊन एका काळ्याठिक्कर रानात शिरला.

गोपाळ एकदम थांबला. त्याचा चेहरा उतरला होता.

"हा ऊस आमचा हाय," तो म्हणाला. "तात्यांनी काल पाचट पेटवलंय."

गोपाळला वडील नव्हते, तात्यांनीच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. शिवरंजनीला हे ठाऊक होतं आणि म्हणूनच तिला त्याची फार दया आली.

"तू पारावर न्हाई आलास तरी चालंल," ती म्हणाली.

"चालंल कसं?" गोपाळ डोळे पुसत म्हणाला. "तात्या वाईट न्हाईत गं. त्यांना मालूमच नसंल. पण काकूंची गाय जायलीय. मीच विचारतो."

संध्याकाळी पारावर माणसं जमली. मधोमध भिंगरी ठेवली होती, शेजारी हातोडा. मनकर्णाकाकू एका कडेला बसल्या होत्या.

"हाणा घाव, मोकळं व्हा!" दिनकरतात्या म्हणाले.

गोपाळ पुढे झाला. "तात्या, आधी एक सांगा. औंदा आपलं रान सगळ्यांच्या आधी मोकळं झालं. लोकं अजून पाचट गोळाच करायलेत. तुमी एवढं झटपट कसं केलं?"

तात्या खुलले. आपल्या कामाचं कौतुक कुणाला नको असतं!

"त्याला डोकं लागतं! काल वारा चांगला होता, दिली काडी लावून. ह्यांचं विमान उडायच्या आधीच मी घरी येऊन जेवाया बसलो होतो!"

"अन् पाचट विझंस्तोवर कोण थांबलं होतं?"

"थांबायचं काय त्याच्यात? आपलं आपण जळतंय, आपलं आपण विझ..." तात्या बोलता बोलता अडखळले.

शिवरंजनीने चिरलेली नळी उघडून पंखा सगळ्यांसमोर धरला. शेपटी जळालेली, नाकातली बॅटरी शाबूत. पात्यांमधलं पान आणि बांधावरचा काळा पट्टा. तिने सगळं सांगितलं.

"कशावरून? ती कडब्याची राख बी असंल!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"कडब्याची न्हाई," मनकर्णाकाकू उठून उभ्या राहिल्या. "मी अंगणात गंजीकडं पाठ करून गायीला पाणी दावत होते. आभाळात आधी किंकाळी ऐकली, मंग खरखर. त्याच्यानंतर ते इमान डुलत आलं अन् पडलं. पंख्यात काय अडकलं असंल ते वरच अडकलं, माझ्या अंगणात न्हाई."

तात्या खाली बसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी वळून सुदीक बगितलं न्हाई," ते म्हणाले. "काडी लावली अन् निघालो. अन् वरून ह्या लेकरांवर नाहक ओरडलो. मनकर्णा, माझ्या दोन गंजी हायत, त्यातली एक आजपासून तुझी. गाय बाजारात न्यायची न्हाई."

मग त्यांनी गोपाळला हाक मारली. गोपाळ मान खाली घालून जवळ गेला. आता एक थप्पड बसणार, असं मल्लेशला वाटलं. पण तात्यांनी त्याला पोटाशी धरलं.

"चार माणसांत आपल्याच काकाला विचारायला छाती लागती, लेका," ते म्हणाले.

अप्पांनी हातोडा उचलून बाजूला ठेवला. "शाबास रे पोरांनो! लागंल तो सगळा गोंद आपल्या दुकानातून न्या. फक्त एक, आता माझ्या दुसऱ्या गुडघ्याचा एक्स-रे मागू नका!"

सगळे हसले. शिवरंजनी मात्र हसली नाही. मनकर्णाकाकू तिच्याजवळ आल्या.

"गोपाळनं सांगितलं मला सकाळचं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची चूक शोधायला समदं गाव पुढं येतं, पोरी. तू आपलीच चूक हाय का, ते शोधाया निघालीस. असं मोठ्या माणसाला बी जमत न्हाई."

दोन दिवस आत कोंडलेलं रडू एकदम बाहेर आलं. शिवरंजनी काकूंच्या कमरेला मिठी मारून हुंदके द्यायला लागली.

"जिंकल्यावर रडायलीय ही!" मल्लेश म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते, पण ते त्याने मनगटाने पुसून टाकले.

"रडू दे तिला," काकू पदराने तिचं तोंड पुसत म्हणाल्या. "अन् झालं की चला माझ्यासंगं. धार काढायची वेळ टळायलीय, गाय वाट बगत असंल."