हाताने फिरवायची लेन्स

खांब गावच्या त्या लग्नात भांडण झालं ते मानपानावरून नाही, अंतरपाटावरून. म्हणजे अंतरपाटाच्या उजव्या अंगाला कोण उभं राहणार यावरून. आपल्याकडे हल्ली दोन्ही पक्ष आपापला फोटोग्राफर आणतात. व्याही-व्याही एक वेळ जुळवून घेतील, पण हे दोघे नाही. नवऱ्याकडून आली होती पेणची सुरभी. नवरीकडून आला होता रोह्याचा नथानियल. आणि दोघांना हवी होती ती वीतभर जागा एकच.

"तुम्ही डावीकडून घ्या ना," सुरभी म्हणाली.

"डावीकडे नवरीचा मामा हाय. मामा केवढा हाय बघितलात?"

मामा खरंच केवढा तरी होता. सुरभीला हसू आलं, आणि ती हसतेय तोवर मागची गर्दी पुढे लोटली. तिचा कॅमेरा मांडवाच्या खांबावर असा आदळला की लेन्सच्या आत काहीतरी खुळखुळलं. स्क्रीनवर नुसतं धुकं. भटजी घसा साफ करत होते, नवऱ्याची आई तिच्याकडे बघत होती, आणि दुसरी लेन्स जवळ नव्हती.

शत्रुपक्षाने हे पाहिलं. त्याने पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला, पोळीभाजीचा असतो तसा. आत फडक्यात गुंडाळलेली धातूची जाड कडी होती, पाचसहा. त्याने तिच्या कॅमेऱ्याचं नाव वाचलं, त्यातलं एक कडं निवडून एका जुन्या काळ्या लेन्सच्या मागे बसवलं, आणि तिच्या हातातला कॅमेरा हळूच घेऊन ते सगळं त्याला लावलं. टक् असा आवाज झाला.

"अहो, ही निकॉनची आहे. माझा सोनी..."

"म्हणून तर मधे कडं लागतं. अडॅप्टर. तुमच्या कॅमेऱ्यात आरसा नाय, म्हणून मागं जागा उरते, ती हे भरून काढतं."

"आणि फोकस?"

"तो मात्र हाताने. कुणाकडं बघायचं ते कॅमेऱ्याला कळणार नाय, तुमचं तुम्हाला ठरवायला लागंल."

असं म्हणून तो तिच्याकडे बघत राहिला... कामापुरतं बघायला लागतं त्याहून जरा जास्तच. मग स्वतःच गडबडला आणि मामाच्या मागे डावीकडे जाऊन उभा राहिला. उजवी बाजू त्याने सोडली होती, न सांगता. सुरभीचं लग्नातलं लक्ष तिथेच उडालं. निम्मे फोटो हलले. पण जे आले ते असे आले की नवऱ्याच्या आईने ते नंतर शेजारणींना दाखवले.

लेन्स परत द्यायला ती रोह्याला गेली. त्याने घेतली नाही. राहू दे म्हणाला, तुझ्या हाताला बसलीय. तुम्हीचं तू कधी झालं हे दोघांनाही सांगता आलं नसतं. लेन्स त्याच्या वडिलांची होती. त्यांचा रोह्यात स्टुडिओ होता, ते गेले तसा तो बंद झाला. नथानियल धाटावला कंपनीत शिफ्ट करायचा आणि सुट्टीला लग्नं. आडनाव पेणकर, घर रोह्याला, आणि पेण त्याने पाहिलेलं ते एसटी बदलण्यापुरतं. सुरभीने त्याला यावरून भरपूर छळलं. मग पेण दाखवायची जबाबदारी आपसूकच तिच्यावर आली.

तिने त्याला बाबांचा मूर्तींचा कारखाना दाखवला. तिचा पोटापाण्याचा निम्मा धंदा तिथलाच, मूर्तींचे फोटो काढून परगावच्या गिऱ्हाइकांना पाठवायचे. ती त्याच्या लेन्समधून गणपतीचे डोळे टिपायची आणि तो मागे उभा राहून हळू आवाजात सांगायचा, अजून थोडं... अजून... आता थांब. आता थांब म्हणताना त्याचा श्वास तिच्या कानाशी लागायचा. बाबा दोन मूर्तींच्या आडून खाकरायचे. मग सुरभी उगाच मोठ्याने म्हणायची, "हां, आला फोकस."

आणि ती रोह्याला गेली की कुंडलिकेच्या काठी. पाऊस भुरभुरत असायचा, तो आपल्या शर्टाच्या टोकाने तिच्या लेन्सवरचे थेंब टिपायचा. एकदा ती चिडली. समोरचा डोंगर काही केल्या स्पष्ट येईना, जवळचं सगळं कसं लख्ख.

"कडं केसभर जाड बनलंय, सस्त्यातलं ना," तो म्हणाला. "मग लांबचं पकडत नाय."

"मग दुसरं आण."

"लांबचं कशाला बघतेस गो? मी हितं हाय ना."

असल्या वाक्याला कोणती मुलगी भुलणार नाही? सुरभी भुलली. हे वाक्य लाडाने म्हटलेलं नसून भीतीने म्हटलेलं असू शकतं, हे तिला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

त्याच काठावर त्याने तिला मलिद्याची गोष्ट सांगितली. त्याच्या बहिणीचं, शीराचं, लग्न ठरलं तेव्हा घरी मलिदा केला होता. गोड पोहे, खोबरं, फळं एका मोठ्या ताटात मांडायची, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची आठवण काढायची, आणि मग सगळ्यांनी वाटून खायचं. आमच्या ज्यू लोकांत मलिद्याशिवाय शुभकार्य होत नाय, असं तो म्हणाला. सुरभीने ऐकलं ते फक्त लग्न आणि मलिदा.

म्हणून गणपती झाल्यावर त्याच्या आईचा, ज्युडिथकाकींचा, स्वतःहून फोन आला तेव्हा सुरभी जागच्या जागी लाल झाली. रविवारी मलिदा हाय, तू यायचंस, काकी म्हणाल्या. येताना कॅमेरा आण, हेही म्हणाल्या. ते तिने नीट ऐकलंच नाही.

पंचाईत अशी की त्याच रविवारी नागोठण्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते. हरेश नाव, मुलगा चांगला, बाबांनी स्वतः शब्द टाकलेला. सुरभीने बाबांना समोर बसवून सांगितलं की त्यांना नाही म्हणा, माझं दुसरीकडे ठरतंय. बाबांनी विचारलं, कुठे? तिने सांगितलं. बाबा बराच वेळ हातावरची वाळलेली शाडू सोलत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या घरचे तयार हायत?"

"त्यांनीच बोलावलंय, बाबा."

बाबांनी नागोठण्याला फोन लावला. चार शब्द ऐकून घेतले आणि मुकाट्याने फोन ठेवला. मुलीकडे बघून हसायचाही प्रयत्न केला.

रविवारी ती आईची मोरपंखी साडी नेसून गेली. कॅमेरा गळ्यात, त्यावर तीच लेन्स. घर माणसांनी भरलेलं, मधोमध ताट, पोह्यांच्या ढिगावर ओलं खोबरं, भोवती खजूर, केळी, सब्ज्याची डहाळी. काकींनी तिला हाताला धरून पुढे नेलं. काकींनी तिला ताटाच्या समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "हितून सगळं दिसंल बघ तुला." आणि आपण पाहुण्यांकडे वळल्या.

पांढऱ्या टोपीतला नथानियल ताटाच्या पलीकडे होता. त्याने तिला पाहिलं आणि मान खाली घातली. लाजतोय, असं तिला वाटलं.

प्रार्थना सुरू झाली. ती फोटो काढत होती. शेजारी त्याच्या नाओमीआत्या उभ्या होत्या, इस्रायलमधल्या आशदोदहून आलेल्या. त्या तिच्या कानाशी वाकून कौतुकाने म्हणाल्या, "फेडला गो नवस ज्युडिथने. इस्रायलचा कागद आला पोराचा. येत्या गुरुवारी माझ्याबरोबरच निघतो. आता तिकडंच राहायचं, कायमचं."

सुरभीने कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. काढला असता तर सगळ्यांनी तिचे डोळे पाहिले असते. ती लेन्स फिरवत राहिली आणि बटण दाबत राहिली, प्रार्थना संपेपर्यंत, गाणं संपेपर्यंत, ताट वाटून होईपर्यंत. तिला बोलावलं होतं ते याच कामासाठी.

मागच्या दारी, पाण्याच्या टाकीशी, तो तिच्यामागे आला.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"अर्ज आधीचाच होता. तुझी ओळख व्हायच्या आधीचा... वाटलं, कागद यायचाच नाय."

"आणि आला तेव्हा?"

"सांगणार होतो. दर वेळेला वाटायचं, आजचा दिवस बरा चाललाय, आज नको..."

सुरभीने पदराने तोंड पुसलं. तिला अजून एकच गोष्ट विचारायची होती, आणि तिच्या उत्तरावर सगळं अवलंबून होतं. कागद रद्द होत नसेल, विमान थांबत नसेल, ते ती समजू शकत होती.

"आईला माझ्याबद्दल काय सांगितलंयस?"

तो टाकीच्या तोटीकडे बघत राहिला. "सांगितलंय ना... पेणची फोटोग्राफर हाय म्हणून."

यात खोटं काय होतं? होतीच ती पेणची फोटोग्राफर.

"आईला नसतं चाललं," तो घाईने म्हणाला. "तू आमच्यातली नायस, ती कोसळली असती. तिकडे गेलो की बघू ना काहीतरी. तू... थांबशील?"

"कशासाठी थांबू, ते तरी सांग."

त्याच्या एका शब्दावरही ती थांबायला तयार होती, पण तो क्षण त्याने तोटी घट्ट करण्यात घालवला. तिने लेन्स कड्यासकट कॅमेऱ्यावरून उतरवली आणि त्याच्या हातात ठेवली. त्याने ती घेतली. नको म्हणाला असता तर तिने कदाचित परत एकदा मूर्खपणा केला असता, पण त्याने घेतली.

मोरपंखी साडी घरी बाबांनीच घडी घालून ठेवली. हरेशचं दुसरीकडे ठरल्याचं कानावर आलं. तिला हरेशचं दुःख नव्हतं, बाबांनी फोनवर ऐकून घेतलेल्या त्या चार शब्दांचं होतं. त्यासाठी ती नथानियलला कधीच माफ करणार नव्हती. प्रेम करायचं ते मात्र काही केल्या थांबत नव्हतं, याचा तिला स्वतःचाच राग यायचा.

फोटो तिने न बघताच पाठवून दिले. गुरुवार गेला. तो गेला. दिवाळीच्या सुमारास ज्युडिथकाकींचा फोन आला.

"फोटो बघितले गो. आधी वाटलं, माझा मोतीबिंदू वाढला. ताट धूसर, नाओमी धूसर, मी धूसर. आणि नथानियल तेवढा सगळ्यांत लख्ख. तो कोपऱ्यात असला तरी तोच." त्या थांबल्या. "मी फोटोवाल्याची बायको. ही लेन्स आपली आपण कुणाकडं बघत नाय, हे मला ठाऊक हाय."

सुरभीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला का नाय सांगितलंत तुम्ही दोघांनी?"

"तुम्हाला चाललं नसतं, असं तो म्हणाला."

पलीकडे काकी खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"मला विचारलं कुणी?" काकींचा आवाज बारीक झाला होता. "मी रडले असते. भांडी आपटली असती. चार दिवस जेवले नसते. पाचव्या दिवशी काय म्हटलं असतं, ते मला तरी कुठं माहीत? पण मला विचारायला तर पायजे होतं..." मग त्या जरा सावरल्या. "खरं सांग पोरी. तुमच्या दोघांचं होतं ना काही?"

कारखान्यात पुढच्या वर्षाच्या साच्यांचं काम सुरू झालं होतं. बाबा तिच्याकडे बघत होते.

"माझं होतं, काकी," सुरभी म्हणाली. "त्याचं तुम्ही त्याला विचारा."