टेकडीवरचं मडकं

त्या वर्षी मका गुडघ्याएवढाही वाढला नाही. पाऊस रुसला की झाडावरचा बेडूक टेकडीवर कोरड्या मडक्यात ठेवायचा. तो तहानेनं रडला की डोंगराला दया येते, पाऊस पडून मडकं भरतं आणि बेडूक आपसूक निघून जातो, ही गावाची जुनी रीत. यंदा ते काम झोइलाकडे आलं. तिची तान्ही नार्सिसा खोकल्यानं गेली त्याला जेमतेम महिना झाला होता. बाळ पाठीला बांधायची शाल तिनं अजून सोडली नव्हती.

तिनं आणलेला बेडूक बघून सासूनं, इग्नासियानं, कपाळाला हात लावला.

"अगं बाई, ही तर मादी! पिल्लं वाढवायची पाठीवरची पिशवी बघ, कशी टरारलीय. लेकुरवाळी कधी ओरडते का? नर आणायचा असतो."

"राहू द्या आई. पुन्हा झाडावर चढायचं त्राण नाही मला."

झोइलानं बेडकी मडक्यात सोडली आणि राखणीला बसली. दुपारी मडक्यातून आवाज आला. आधी कोरडा खोकला, मग उचकी, मग दमलेलं रडणं. नार्सिसा अशीच रडायची. झोइलाला पान्हा फुटला. तिनं आत डोकावून पाहिलं. बेडकी गप्प होती, तिचा गळाही हलत नव्हता.

मग ती रोजच टेकडीवर जाऊन बसू लागली. सगळं गाव ढगांकडे डोळे लावून बसलेलं, आणि ही बया पाऊस येऊ नये म्हणून विनवत होती. पाऊस आला की बेडकी जाणार, आणि ते रडणंही. शेवटी तिनं मडक्यावर सपाट दगड ठेवला.

ढग आले, डोंगराला टेकून थांबले. बरसले नाहीत.

इग्नासिया धापा टाकत वर आली. दगड बघून तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आतलं रडणं तिच्या कानांवर पडलं. तिनं दगडाला कान लावला.

"तहानलीय गं पोर," ती म्हणाली. "किती रडवशील तिला?"

इतके दिवस झोइलानं नुसता आवाज ऐकला होता, त्यातली तहान नाही. हुंदके देत तिनं दगड बाजूला केला.

पाऊस कोसळला. मडकं काठोकाठ भरलं.

बेडकी काठावर आली. तिची पिशवी रिकामी, सैल पडलेली. पाण्यात एकही पिल्लू नव्हतं.

रडणं थांबलं.

दोघी उतरू लागल्या. भिजलेली शाल झोइलाच्या पाठीला जड लागत होती.

"थांब जरा," मागून सासू म्हणाली. "गाठ वर घे. पाय भिजतायत तिचे."