मोजून तीन माणसं

बसा रे. एवढी घाई करून जाणार कुठं? पासार मिंगूपर्यंत नुसते लाल दिवे लागलेत, मी आत्ताच पुलावर चढून बघून आलो. इथं तासभर बसलात काय नि तिथं गाडीवर बसलात काय, घरी पोचायचं त्याच वेळेला. इथं निदान मुनाबाईंची कॉफी तरी मिळते.

दिमास, हेल्मेट ठेव खाली. मघाशी काय म्हणालास, "अजून दोन भाडी मारतो, मग घरी जातो"? मारशील रे बाबा. या जकार्तात भाड्यांना तोटा नाही.

भुताची गोष्ट हवी म्हणून उजांग कधीचा मागं लागलाय. आज वार गुरुवार, आणि उद्याचा शुक्रवार क्लिवोनचा, जावानी पंचांगातला भुताखेतांचा दिवस. आमच्या लहानपणी असल्या रात्री दिवेलागणीनंतर पोरांना अंगणातसुद्धा सोडत नसत. तेव्हा ऐकाच. पण गोष्ट माझी नाही, कास्मिनची आहे. आम्ही दोघं एकाच मालकाकडं ड्रायव्हर. मी ऑफिसची गाडी चालवायचो, तो घरची. माणूस इतका सरळ, की खोटं बोलायला गेला तर कान लाल व्हायचे. माझ्यावर विश्वास ठेवू नका हवं तर, त्याच्यावर ठेवा.

तो राहायचा चितायमला. पहाटे सव्वाचारला मोटारसायकल काढायची आणि रात्री अकराच्या सुमाराला परत लावायची. चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, त्यातलं निम्मं एक पाय जमिनीला टेकवून. त्याला एकच मुलगी, सेकार. सहा वर्षांची. हा निघायचा तेव्हा ती झोपलेली, हा यायचा तेव्हा झोपलेली. रविवारी मालकाच्या आईला चर्चला न्यायचं, मग बाजार, मग पाहुणे. ईदला बायको पोरीला घेऊन गावी जायची आणि हा इथं मालकाचे पाहुणे फिरवत बसायचा. आम्हाला हसून सांगायचा, "माझी मुलगी म्हणजे दोन मिटलेले डोळे आणि पांघरुणाबाहेर आलेला एक पाय."

आम्हीही हसायचो. सगळ्यांचं तेच होतं.

तर दोन हजार सोळा सालचा मार्च, दहा तारीख. अशीच गुरुवारची रात्र, अशीच क्लिवोनची. आदल्या दिवशी सकाळी सूर्याला ग्रहण लागलं होतं. सगळ्यांना सुट्टी, कास्मिनला नाही. सेकारनं आईकडून निरोप धाडला होता, "बाबांबरोबर ग्रहण बघायचंय." पण बाबांना मालकाच्या मुलांना ग्रहण दाखवायला न्यायचं होतं. ते बघून झाल्यावर मालकाच्या धाकट्यानं आपला पुठ्ठ्याचा काळा चष्मा काढून याला दिला. "काका, तुमच्या मुलीला द्या." चष्म्यावर त्या पोरानं एक हिरवा डायनासोर चिकटवला होता. कास्मिनला केवढं कौतुक. आणि एवढं करून रात्री घरी जाताना चष्मा गाडीतच विसरला, समोरच्या काचेपाशी.

सेकारला तीन दिवस ताप होता. औषध चालू होतं, उतार नव्हता. गुरुवारी पहाटे हा बूट घालत होता तर बायको, तुरीना, दारात येऊन उभी.

"आज ती जागी असताना या. सारखी विचारते. एकदाच या हो."

"आठच्या आत येतो."

"तुमचे आठ मला ठाऊक आहेत."

तेव्हा हा आत गेला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं तापलेलं होतं. "हिची शपथ," म्हणाला, "आठच्या आत."

मालक वाईट नव्हता. म्हणाला, "घरून गाडी घे, साडेसहाला ऑफिसात आणून दे, आणि तिथूनच सुट." याची मोटारसायकल ऑफिसातच लावलेली. म्हणजे काय, एवढी एक फेरी वेळेत झाली की शपथ पाळता आली असती.

आता तुम्हा पोरांना माहीत नसेल, तेव्हा मोठ्या रस्त्यावर तिघांचा नियम होता. सकाळी ठरलेल्या वेळेत, आणि संध्याकाळी साडेचार ते सात, गाडीत तीन माणसं नसली तर पोलीस आत सोडत नसत. मग गल्लीबोळातून जा, दीड तास मोडा. पण आपली माणसं कसली बेरकी! रस्त्याच्या तोंडाशी रांगेनं भाड्याची माणसं उभी राहायची. जोकी म्हणायचे त्यांना. एक बोट वर केलं की एक माणूस. कडेवर पोर असलं की दोन बोटं. गाडीत बसवायचं, पोलिसाला तीन डोकी दाखवायची, पुढं उतरवायचं. बायका पोरं घेऊन यायच्या, स्वतःची नाहीतर शेजारणीची. कोण कुणाचं, विचारायचं नाही.

साडेपाच झाले होते. आभाळ भरून आलेलं. कास्मिन एकटाच गाडीत, त्याला दोन डोकी हवी होती. रांग संपलेली. शेवटी एकच बाई उभी, चाळिशीची, छत्री घेतलेली. यानं गाडी थांबवली, तोच मागून एकानं हॉर्नवर हातच ठेवला. बाई मागचं दार उघडून बसली. यानं समोर बघतच विचारलं,

"ताई, पोर आहे ना बरोबर? तीन लागतात."

"होतायत की तीन! मोजा की हो. का ड्रायव्हरसाहेबांना शाळेत घातलं नव्हतं?"

यानं आरशात बघितलं. बाईच्या पलीकडं, खिडकीशी, एक मुलगी बसलेली. केस बारीक कापलेले. पिवळा झगा. टक्क डोळ्यांनी याच्याकडं बघत होती.

बरं झालं, म्हणाला, आणि निघाला.

रस्त्यात मेट्रोचं खोदकाम. गाड्या मुंगीच्या पावलानं. हा दर मिनिटाला घड्याळ बघतोय, आणि आरशात बघितलं की ती मुलगी याच्याकडंच बघतेय. खिडकीबाहेर नाही, बाईकडं नाही. याच्याकडं. शेवटी यालाच अवघडल्यासारखं झालं.

"काय गं, नाव काय तुझं?"

ती हसली. पुढचा एक दात पडलेला.

"ओळखा."

"आयू?"

"अंहं."

"मग रत्ना."

"चुकलात. अजून एकदा."

तेवढ्यात शेजारची रांग हलली. यानं घाईनं गाडी तिकडं घातली, कुणाला तरी शिवी हासडली, आणि ते नाव ओळखायचं राहून गेलं.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तो चष्मा कुणाचा?"

"माझ्या मुलीचा आहे."

"मी घालू?"

असली पोरं गाडीतल्या वस्तूंना हात लावतात, कधी घेऊनही जातात. पण याला नाही म्हणवेना. चष्मा मागं दिला. तिनं तो डोळ्यांना लावला आणि तसाच याच्याकडं रोखला.

"तुमचं घर लांब आहे?"

"फार लांब."

"मग तुमची मुलगी झोपत असेल."

"झोपते खरी," हा म्हणाला. "पण आज जागी राहणार आहे. तिला शब्द दिलाय."

ती चष्म्यातून बघतच राहिली...

पुढं पोलीस. काच खाली करायला लावली. वाकून बघितलं. बोटानं मोजलं. एक. दोन. तीन. आणि तो पोलीस, लक्षात ठेवा, तो पोलीस हसून म्हणाला, "वा, ग्रहण काल संपलं ना गं?" आणि हात हलवून गाडी सोडली.

म्हणजे त्यालाही दिसली होती.

सहा वाजून गेले. अंधारून आलं. कुठल्याशा मशिदीत भोंगा खरखरला. मगरिबची बांग सुरू झाली. कास्मिननं कडेला गाडी घेतली. बाई पैसे घेऊन उतरली, छत्री सावरली आणि काचेशी वाकली.

"पोरीला नीट घरी न्या हो. दिवेलागणीला लहान पोरं बाहेर ठेवू नयेत. हात अगदी गार पडलाय तिचा."

"तिला नेताय ना तुम्ही?"

"मी? मी कशाला नेऊ?"

"तुमची मुलगी..."

"अहो, काय बोलता! मी दार उघडलं तेव्हा बसलेलीच होती. मी विचारलं, कुठं चाललीस गं? तर म्हणाली, बाबांबरोबर घरी."

कास्मिननं मान वळवली.

मागची सीट रिकामी.

पलीकडचं दार... आतून उघडतच नव्हतं ते. मालकाच्या पोरांसाठी कायमचं बंद करून ठेवलेलं.

बांग चालू होती.

बाईनं आत बघितलं. छत्री तशीच हातात. मग ती मागं सरली... आणि पळत सुटली.

यानं फोन काढला. गाडी चालवताना आवाज बंद ठेवायचा, ही मालकाची शिस्त. अकरा फोन येऊन गेलेले. अकराही घरून. यानं लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला... कुणी उचललाच नाही.

ऑफिसच्या तळघरात मीच होतो. त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. किल्ली घामानं ओली. म्हणाला, "सार्वानदादा, गाडीत चष्मा दिसतो का बघा." आम्ही दोघांनी सीटखाली बघितलं, पायपुसण्या झटकल्या, खाचांत बोटं घातली. चष्मा नव्हता. मी म्हटलं, "अरे, त्या बाईनं लांबवला असेल." तो हेल्मेटचा पट्टासुद्धा न लावता निघाला.

पुढचं त्यानंच मला सांगितलं, खूप दिवसांनी. एरवी दीड तासाचा रस्ता, त्या रात्री दोन तास चाळीस मिनिटं लागली. पाऊस नाही, अपघात नाही. रोजचाच जाम, त्या दिवशी जरा जास्तच. त्याला कळलं होतं रे. आत कुठंतरी कळलंच होतं. तरी लाल दिवा लागला की थांबायचा, कारण पुढं गाड्या, मागं गाड्या, डावीकडं गाड्या. शेजारचा माणूस फोनवर बायकोशी भांडत होता, वांग्यावरून. याला वाटलं, उतरावं आणि धावत सुटावं. पण धावून किती धावशील...

गल्लीच्या तोंडाशी पिवळा झेंडा लावलेला. माणूस गेलं की लावतात तो.

दारापुढं खुर्च्या मांडलेल्या. शेजारी उठून उभे राहिले. त्यांनी वाट करून दिली. आत चटईवर ती... बाटिकच्या कापडाखाली. तुरीना उशाशी बसलेली. तिनं वरही बघितलं नाही.

"ताप चढत गेला, तुम्हाला फोन लावत राहिले. साडेपाचला डोळा लागला तिचा," म्हणाली. "झोपेत हसत होती. कुणाशी तरी बोलत होती. मगरिबची बांग झाली, आणि..."

यानं चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. डोळे मिटलेले. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता, रोज बघितलेला. पण केस बारीक कापलेले. आणि ओठ जरा उघडे राहिले होते.

"हिचा पुढचा दात कधी पडला?"

"पंधरा दिवस झाले. सांगितलं होतं तुम्हाला. केस कापले तेही सांगितलं. तुम्ही झोपेत हो म्हणालात."

तेव्हा तो रडला. मला सांगतानाही रडला. म्हणाला, "दादा, ती मेल्याचं दुःख तर आहेच. पण ती एवढ्या लांब मला भेटायला आली. जागी होऊन आली. अर्धा तास माझ्यासमोर बसली. मला म्हणाली, अजून एकदा ओळखा. आणि मी रांग बदलली..."

काय म्हणतोस दिमास? बापाला पोटची पोर ओळखता येत नाही, असं होईल का?

बरं. तुझा मुलगा केवढा, दोन वर्षांचा ना? त्याला शेवटचा जागा कधी बघितलास?

...

मोज, मोज. घाई नाही.

...

राहू दे. नको सांगू. उजांग, तू हसू नकोस, तुझंही लग्न होईल. आणि हे बघ दिमास, उठलाच आहेस तर हेल्मेटचा पट्टा नीट लाव, आणि घरी फोन करून सांग, त्याला झोपवू नका म्हणावं. पण थांब, एवढं ऐकून जा.

न्हाणं घालायला बायका आल्या होत्या. सेकारची उजवी मूठ घट्ट मिटलेली. त्यांनी तेल लावून बघितलं, कोमट पाणी ओतून बघितलं. उघडेना. म्हाताऱ्या म्हणाल्या, राहू दे, बापाला येऊ दे. म्हणून सगळे त्याच्यासाठी थांबले होते.

कास्मिननं नुसता हात लावला...

मूठ सुटली.

आत पुठ्ठ्याचा चष्मा होता, मधोमध दुमडलेला. तुरीनाला वाटलं, पहाटे यानंच उशाशी ठेवला असेल. यानं तो उलगडला. काचेच्या वर, कोपऱ्यात, हिरवा डायनासोर.

ज्या रस्त्याला त्याला दोन तास चाळीस मिनिटं लागली, त्याच रस्त्यानं तो चष्मा त्याच्या आधी घरी पोचला होता.