उजवं पॅड

अकोल्याच्या क्रीडाविज्ञान प्रयोगशाळेत विश्राम तायडे मुखपट्टी सावरत उभे होते आणि समोरचं यंत्र हुबेहूब त्यांच्यासारखं ठोसे झेलायचं पॅड धरत होतं. डावा हात पुढे, उजवा खांदा किंचित आखडलेला, मध्येच मान हलवून "ये, ये" अशी खूण. बावीस वर्षं बॉक्सिंग शिकवल्यावर माणसाला स्वतःचीच नक्कल बघायला बोलावतात, हा साथीच्या वर्षातला आणखी एक विनोद होता.

श्वासज्वराच्या साथीमुळे सरावाचं सभागृह सात महिने बंद होतं. तेवढ्यात हा 'यंत्रगुरू' खेळाडूंच्या घरोघरी पोचला. तायड्यांचा करार महिनाअखेर संपत होता आणि तो वाढवायचा की नाही, हे डॉ. मेघना बिडकरांच्या आजच्या अहवालावर ठरणार होतं.

"सर, तुमच्या शिकवण्यात एक दोष सापडलाय," बिडकर म्हणाल्या.

तायड्यांनी यंत्रावरची नजर त्यांच्याकडे वळवली.

"यंत्राला बॉक्सिंग कळत नाही," त्या समजावू लागल्या. "पॅड धरायची ढब त्यानं तुमच्या चित्रफितींवरून उचलली, बाकी सगळं खेळाडूंकडून. तुमच्या अकरा खेळाडूंच्या बाह्यांमध्ये संवेदक होते. कोणता स्नायू कधी ताणला, कधी सैल पडला, याचा पाच वर्षांचा 'स्नायुलेख' त्यातून तयार झाला. यंत्र नव्या मुलांकडून तोच गिरवून घेतं. मूळ लेखातलं बरंवाईट सगळं उतरतं."

"मग वाईट काय उतरलं?"

"नवी मुलं उजव्या पॅडवर एक तृतीयांश जोर कमी लावतात. मूळ लेख बघितले, तर तुमचे अकराही जण तेच करतात. ठोसा पूर्ण जोरात निघतो आणि पॅडपासून चार बोटांवर ढिला पडतो. बॅगवर नाही, स्पर्धेत नाही. फक्त तुमच्या उजव्या पॅडवर."

"केव्हापासून?"

"चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीपासून."

तायड्यांचा हात आपसूक उजव्या खांद्याकडे गेला. त्याच फेब्रुवारीत तो निखळला होता. नोकरी जाईल या भीतीनं त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

बिडकरांनी पडद्यावर पातूरच्या कांचन वानखडेला जोडलं आणि तिला हेच विचारलं. ती तायड्यांची शिष्या, गेल्या वर्षीची राज्यविजेती. तिच्या अंगणातही तसंच यंत्र उभं होतं.

"सर, तुम्ही ठोशाच्या आंधी श्वास धरून ठेवत होते," कांचन म्हणाली. "आमाले दिसत नव्हतं काय?"

"मंग सगळ्यायनं मिळून ठरवलं?"

"नाही सर. कोनी कोनाले बोललंच नाही. हातच हळू झाला."

चार वर्षं ही पोरं आपल्याला जपत होती आणि आपण त्यांना ओरडत होतो, की उजव्या पॅडवर दम दाखवा! तायड्यांना भरून आलं, आणि ते लपवायला मुखपट्टी पुरली नाही.

"जोर गणितानं वाढवून पाहिला," बिडकर म्हणाल्या. "मुलांचा तोल जायला लागला. ठोसा आवरताना पायही आवरतो. पूर्ण जोर मूळ खेळाडूंकडूनच नव्यानं टिपायला हवा. कांचन, यंत्राला दुखत नाही. मार."

कांचननं ठोसा मारला. आकडा तोच, एक तृतीयांश कमी. तिनं पुन्हा मारला, पुन्हा तेच.

"पुऱ्या ताकदीनं मारला, मॅडम!" ती रडकुंडीला आली.

"खरंय तुझं. यंत्र सरांसारखंच खांदा आखडतं, म्हणून तुझा हात त्यालाही जपतो. तो माझं ऐकणार नाही, तुझंही ऐकणार नाही."

तायडे पडद्याजवळ गेले. मुखपट्टी खाली ओढली.

"कांचन, माझा खांदा दुखते," ते म्हणाले. चार वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं. "लय दुखते. पन तो माझा हाय. याचा नाही. मार पोरी."

ठोसा बसला. यंत्र मागे हेलकावलं आणि आकडा पूर्ण आला.

बिडकरांनी अहवाल उघडला. 'प्रशिक्षकाची यापुढे आवश्यकता नाही' हे वाक्य खोडून त्यांनी लिहिलं, 'हा दोष प्रशिक्षकाशिवाय कुणालाही दूर करता येत नाही. करार वाढवावा.'

"आता उरलेल्या दहा जणांना बोलवायचं, सर. त्यांनाही 'मार' म्हणून सांगा."

"सांगतो ना, मॅडम," तायडे डोळे पुसत म्हणाले. "पन आंधी त्यायचे आभार मानू द्या."