काढा किती जणांचा?

तेराव्याच्या गोड जेवणाची ऑर्डर घेताना केटरर आता हमखास विचारत, "आणि काढा किती जणांचा?"

काढा म्हणजे शोकनिवळीचा. निवळीचं बी उगाळलं की गढूळ पाणी स्वच्छ होतं. त्यावरून प्रयोगशाळेत घडवलेल्या या वेलीला लोकांनीच ते नाव दिलं होतं. कुठलीही आठवण काढली की ती मेंदूत थोडा वेळ ओल्या सिमेंटसारखी मऊ होते आणि मग पुन्हा घट्ट बसते. काढा घेतल्यावर वारलेल्या माणसाची आठवण काढली, तर ती पुन्हा बसताना तिच्यातली कळ तेवढी बाहेर राहते. माहिती सगळी शिल्लक असते.

मंदारने आईच्या तेराव्यासाठी घरातल्या सगळ्यांचा काढा सांगून टाकला होता. त्याची मोठी बहीण सुनीती मात्र आधी नीट समजून घेतल्याशिवाय तो पिणार नव्हती. म्हणून तिने मन बदलणाऱ्या वनस्पतींवरचं डॉ. यशवंत मोघे यांचं गाजलेलं पुस्तक वाचलं. ही वेल त्यांनीच घडवली होती. पुस्तक मिटलं तेव्हा ती इतकी निराश झाली, की दुसऱ्याच दिवशी एसटीने दापोलीला त्यांच्या घरी जाऊन थडकली.

"पुस्तक आवडलं नाही म्हणून घरी येणारा वाचक पहिल्यांदाच पाहतोय," मोघे हसून म्हणाले. "बसा. चहा तरी आवडेल."

"धोतरा, भांग, अफू, सगळं छान रंगवलंय तुम्ही. पण शेवटच्या प्रकरणात तुम्ही स्वतः काढा घेतलात, आणि तिथे तीनच वाक्यं? 'पत्नी नलिनी हिचे निधन झाले. मी काढा घेतला. झोप सुधारली.'"

"चूक काय त्यात?"

"नलिनीताई कुठे आहेत त्यात? तुम्हाला त्या आठवत नाहीत का?"

"वा! आठवते की. गाताना डोळे मिटायची. आमटीत गूळ जास्त घालायची. माझ्याशी भांडली की अंगणातल्या मांजराशी बोलत बसायची."

"मग हे लिहिलं का नाहीत?"

मोघे विचारात पडले. "लिहावंसं वाटलं नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण बाई, एवढ्या आवृत्त्या निघाल्या, अशी तक्रार कुणीच केली नाही."

"त्यांनी सगळ्यांनी काढा घेतला असेल," सुनीती म्हणाली आणि उठली.

तेराव्याला पानं मांडली गेली. मंदारने स्वतःचा पेला आधीच रिकामा केला होता.

"घे गं ताई. आलं घातलंय, कडू नाही लागत."

"मंदार, आई तुला काय हाक मारायची?"

"मंदोबा."

परवाच ही हाक आठवून तो तोंडावर टॉवेल दाबून रडला होता. आज त्याने ती पिनकोड सांगावा तशी सांगितली आणि श्रीखंड वाढायला घेतलं.

सुनीतीने आपला काढा मोरीत ओतला, पेला विसळला आणि पानावर येऊन बसली.

"अगं, त्रास होईल तुला!"

"होऊ दे. या घरात कुणाला तरी व्हायला हवा."

"कशाला पण?" मंदारने विचारलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं.