उरलेलं निळं

प्रमिलाबाईंनी सुनेचं, चारुलताचं, मनगट धरून तिचा हात पाळण्यातल्या तेजसच्या टाळूवर दाबला. तिचं सहा महिन्यांचं लेकरू झोपेत हसत होतं... त्याच्या डोक्यावर हात ठेवून तिनं शपथ घ्यायची होती, की चोपड्याच्या तोंडतपासणी शिबिरात जे दिसलं ते या खोलीबाहेर जाणार नाही.

"रूपानं लगीन व्हवू दे," सासू म्हणाली; लेकीचं लग्न शिरपूरला ठरलं होतं. "मंग तू सांगशी तठे येसू."

आठ दिवसांपूर्वी चारुलतानंच त्यांना शिबिरात नेलं होतं. पंचवीस वर्षं मिसरी लावणाऱ्या त्या तोंडात, डाव्या गालाच्या आत, वाटाण्याएवढा पांढुरका चट्टा तिला दिसला होता. डॉक्टरीणबाईंनी आंबूस पाण्याची चूळ भरायला लावली, निळं औषध फिरवलं, पुन्हा चूळ... बाकी सगळं तोंड धुऊन निघालं, तेवढा चट्टा मात्र गर्द निळा राहिला. निळं धरलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण तुकडा काढून तपासायलाच हवा, धुळ्याला या, असं त्यांनी बजावलं होतं. घरी येऊन प्रमिलाबाईंनी दोन दिवस त्या जागी मिसरी घासली. रंग तो, जायचाच. मग आरशासमोर गाल ताणून त्या समाधानानं म्हणाल्या होत्या, "निळं गयं, रोगबी गया."

चारुलतानं शपथ घेतली, आणि चौथ्या दिवशी नवऱ्याला, चंदनला, सगळं सांगून ती मोडली.

चंदननं आईला जवळजवळ ओढतच धुळ्याला नेलं. कॅन्सरच होता, पण नुकता अंकुरलेला. तेवढाच भाग कापला, टाके घातले, चार दिवसांत प्रमिलाबाई घरी. तोवर बातमी शिरपूरला पोचली होती. रूपाच्या होणाऱ्या सासरच्यांनी आधी तारीख पुढे ढकलली, मग फोन उचलणं सोडलं.

इतक्या लवकर सापडलेला रोग कुणाला रोग वाटलाच नाही... हाच चारुलताचा अपराध! "एवढ्याशा फोडासाठी माझं लग्न मोडलंत, वहिनी," एवढं बोलून रूपानं तिच्याशी बोलणं टाकलं. सासू तिच्या हातचं ताट परत पाठवू लागली. आणि तेजसला जरा कणकण आली की पदवीपर्यंत विज्ञान शिकलेली ती आई थर्मामीटर घेऊन त्याच्या उशाशी बसे, आणि त्या मोडलेल्या शपथेच्या भयानं आतल्या आत जळत राही.

आठ महिन्यांनी फेरतपासणीला सासू-सून धुळ्याला गेल्या. शेजारच्या बाकावर धरणगावच्या मंजुळाबाई होत्या. नाकात नळी, पदराआड अर्धा जबडा नाहीसा. त्यांची लेक सहज सांगत होती, की मागच्या वर्षी शिबिरात आईलाही निळं उठलं होतं, पण दुसऱ्या दिवशी ते गेलं, मग कापूस वेचणी आली, राहूनच गेलं...

प्रमिलाबाई त्या नळीकडे बघत राहिल्या. तुमचं सगळं ठीक आहे, असं आत डॉक्टर म्हणाले, तरी बाहेर पडताना त्यांनी वळून पुन्हा तीच नळी पाहिली. घरी पोचल्या, आणि पायातल्या चपला न काढताच दारातून सुनेकडे बोट करून लेकीला म्हणाल्या, "रूपा, तुनं लगीन इनी नही मोडं. इनी मना जीव वाचाडा."

"आणि माझं काय, आई?"

रूपाही लपून मिसरी लावते हे आईला ठाऊक होतं. चौदाव्या वर्षी दाढ दुखली तेव्हा त्यांनीच शिकवलं होतं. पुढच्या सोमवारी त्यांनीच तिला धुळ्याला नेलं. रूपा नको म्हणत असतानाही चारुलता तेजसला कडेवर घेऊन पाठोपाठ गेली.

चूळ, निळं, पुन्हा चूळ. दिव्याखाली रूपाचं तोंड उघडं होतं आणि चारुलता तेजसला घट्ट धरून आत डोकावत होती... कुठंही निळं उरलं नाही.

रूपानं ओठ पुसले, आठ महिन्यांत पहिल्यांदा वहिनीच्या डोळ्यांत पाहिलं, आणि म्हणाली, "झालं का तुमच्या मनासारखं?"

स्वरात विष जसंच्या तसं होतं. चारुलतानं मान डोलावली. तिचे डोळे भरून वाहू लागले... या तोंडानं जन्मभर आपल्याला घालूनपाडून बोललं तरी चालेल; ते असंच बोलत राहो.