मुरलेले स्विच

बटण दाबलं की अक्षर उमटतं, एवढ्यावर बहुतेक लोकांचं समाधान होतं. ते दाबताना कानाला कसं लागतं याचाही विचार करणारी एक वेगळीच जमात आहे, आणि दंतवैद्याची बायको त्या जमातीतली होती. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी टीव्हीच्या पडद्याखाली बोलणं लिहून द्यायचं, हे तिचं काम. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द टाइप करायचे तर निदान हाताखालचा कीबोर्ड आपल्या मर्जीचा असावा, हे तिचं समर्थन. समर्थन बिनतोड होतं. फक्त माणसाला हात दोनच असतात, आणि तिच्या कपाटात कीबोर्डांची चळत होती.

"मी दात उपटतो, तू बटणं उपटतेस," नवरा म्हणायचा. "फरक एवढाच, माझे पेशंट कण्हतात."

"माझेही कण्हतात. म्हणून तर ग्रीस लावते."

कामात नव्याने आलेल्यांना ती एक नियम ऐकवायची, जराशा ऐटीतच: पडद्यावर आलं नाही, ते बोललंच गेलं नाही.

एक दिवस तिला जाहिरात दिसली. 'मुरलेले स्विच. बोर्डासकट.' प्रत्येक बटणाखाली एक स्विच असतो. नवा असताना तो किंचित खरखरतो, आणि वर्षानुवर्षं एकाच हाताखाली राहिला की लोण्यासारखा उतरतो. असा स्विच दुकानात मिळत नाही. कोणीतरी आपलं आयुष्य घासावं आणि आपण आयता उचलावा, एवढी एकच वाट. ती त्याच दुपारी निघाली.

विकणारे आजोबा एकटेच दिसले. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एका खुर्चीत ते स्वतः बसले; दुसरी रिकामी असूनही त्यांनी तिला कोपऱ्यातलं स्टूल दिलं. टेबलावर चहाचे दोन कप होते. त्यातला एक तिच्यासाठी असेल असं तिला वाटलं, पण तो रिकाम्या खुर्चीपुढेच राहिला.

बोर्ड जड होता, करड्या रंगाचा. तिने एक बटण दाबलं आणि डोळे मिटले. ओल्या वाळूत गोटा पडावा तसा आवाज. मऊ, खोल, मागे काहीही न ठेवणारा.

"कोण वापरायचं?"

"बायको. कोर्टात साक्षी टाइप करायची."

"मग विकताय कसा? त्यांना चालेल ना?"

आजोबांनी मान रिकाम्या खुर्चीकडे कलती केली. फोनवर पलीकडच्या उत्तराची वाट बघावी तसे ते थांबले.

"ती काही बोलली नाही," ते म्हणाले.

पिशवी उचलताना तिने पाहिलं. दुसरा कप मघाशी काठोकाठ भरलेला होता. आता अर्धा होता. आजोबांचा हात तिकडे गेला नव्हता. तिने हे नीट पाहिलं. पण जास्त विचारावं आणि म्हाताऱ्याचं मन फिरावं, हा तोट्याचा व्यवहार ती करणार नव्हती. तिने नजर बोर्डाकडे वळवली.

रविवारी सकाळी तिने सगळे स्विच काढून नव्या ॲल्युमिनियमच्या बोर्डात बसवले. वर सायीच्या रंगाच्या कोऱ्या कीकॅप, म्हणजे बटणांच्या टोप्या, चढवल्या. केबल लावली, चाचणीसाठी रिकामी फाइल उघडली.

"आई, माझी चित्रांची वही कुठेय?" लेक दारातून म्हणाली.

"सोफ्याखाली बघ."

पडद्यावर अक्षरं आली. 'आई, माझी चित्रांची वही कुठेय?'

तिचे हात मांडीवर होते.

आवाज ऐकून लिहिणारी सोय चालू राहिली असेल. तिने ती तपासली, बंद होती. मायक्रोफोनची वायर उपसून काढली.

"चहा टाकू का?" स्वयंपाकघरातून नवरा.

या वेळी तिला बटणं खाली जाताना दिसली. भराभर, सराईतपणे, न चुकता. 'चहा टाकू का?'

"टाक," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

पडद्यावर तो शब्द आला नाही. त्याऐवजी स्पेसबारच्या खालून एक आवाज आला. टिंग. स्प्रिंग थरथरावी तसा, अगदी पातळ.

दुसऱ्या कोणी बोर्ड खिडकीबाहेर भिरकावला असता. पण तिच्या जमातीला भूत एक वेळ चालतं, टिंग चालत नाही. ती पुन्हा बोलली, मुद्दाम. टिंग. आपल्या आवाजाने स्विच धरून ठेवणारी प्लेट थरथरतेय, तिने निदान केलं. निदान झालं की भीती थोडी उतरते. तिने बोर्ड उघडला, तळाशी फोमचा थर घातला, स्प्रिंगांना ग्रीस लावलं.

"अगं, चहा टाकू का, विचारतोय."

"टाक म्हटलं ना."

"तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?"

टिंग अजून होती, दूर गेल्यासारखी. तिने फोमचा आणखी एक थर दाबला. स्पेसबारखाली पट्टी चिकटवली. बोर्ड बंद केला, केबल लावली आणि बोलून पाहिलं.

काही नाही. टिंग पार गेली होती.

"ऐका रे," तिने हाक मारली, "किती शांत झालाय बघा."

कोणी आलं नाही.

बटणं हलली. 'बाबा, आई बाहेर गेली का?'

आणि मग, अक्षरं उमटून झाल्यावर, आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला. "बाबा, आई बाहेर गेली का?"

"मी इथेच आहे गं," ती म्हणाली. मग ओरडली. कर्सर लुकलुकत राहिला.

बटणं पुन्हा हलली. 'काही बोलली नाही.'

"काही बोलली नाही," नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला.

तिने बोर्ड उघडला. फोम ओरबाडून काढला. ग्रीस पुसलं, पट्टी नखांनी खरवडली. पुन्हा जोडला आणि बोलली.

टिंग आली नाही.

तिने टाइप केलं, 'मी आहे.' बटणं खाली गेली, वर आली. आवाज नाही. अक्षर नाही.

लेक दारात आली. तिने धावत जाऊन लेकीचं मनगट धरलं. लेकीने वळून पाहिलंही नाही. खिळ्यात अडकलेली बाही सोडवावी तशी एकेक बोट सोडवली, आणि वही घेऊन गेली.

नवऱ्याने चहाचे दोन कप आणले. एक तिच्या खुर्चीपुढे ठेवला. का ठेवला, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पुढेही तो रोज दोनच कप आणत राहिला.

बोर्डाची जाहिरात त्यानेच दिली. घ्यायला रेडिओवर निवेदन करणारी मुलगी आली. स्वच्छ, मोकळ्या आवाजाची. त्याने तिला स्टूल दिलं. तिने एक बटण दाबलं आणि डोळे मिटले.

"काय गोड उतरतोय हो. कोणाचा हा?"

"बायकोचा."

"मग विकताय कसा? त्यांना चालेल का?"

नवऱ्याने मान खुर्चीकडे कलती केली. तो थांबला. खरोखर वाट बघत होता तो. कपाळाला आठी होती.

ती त्याच्या कानाशी ओरडत होती. देऊ नकोस. तिला देऊ नकोस.

"ती काही बोलली नाही," तो म्हणाला.

तेव्हा तिला आजोबांच्या टेबलावरचा अर्धा झालेला कप आठवला.

तिने आपल्या खुर्चीपुढचा कप दोन्ही हातांनी उचलला. मुलीच्या अगदी समोर धरला. जीभ पोळली तरी अर्धा संपवला आणि आदळून खाली ठेवला.

मुलीची नजर कपावर गेली. तिथेच थांबली. तिने नीट पाहिलं.

मग ती नजर हळूच बोर्डाकडे वळली.

"पिशवी आहे का हो एखादी?" मुलगी म्हणाली.